दोन विहिणी आणि एक डोह

१८ सप्टेंबर, बुधवार

दुपारी लेक दुकानात आली तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात एका मनगटी घड्याळाचा कणीएवढा स्क्रू. हातानेच खूण केली, थांब. ती थांबली, पण पाच सेकंद. मग म्हणाली, "आई, सासूबाईंबरोबर मासे पकडायला जाशील का?"

स्क्रू पडला. पुढचा अर्धा तास आम्ही मायलेकी टेबलाखाली.

प्रकरण असं आहे. विहीणबाई गेली बावीस वर्षं दर ऑक्टोबरात डोंगरातल्या एका नदीवर जातात. पाच-सहा दिवस तंबू ठोकून राहतात, गळ टाकतात. बरोबर त्यांची एक मैत्रीण असायची, ती यंदा मुलाकडे कायमची राहायला गेली. जावयाला रजा नाही. विहीणबाई म्हणतात, एकटी जाते. वय चौसष्ट!

"जाऊ नका म्हणावं," मी म्हटलं.

"तूच सांग ना त्यांना."

मी कसली सांगते! तीस वर्षं पोहण्याच्या तलावावर शिकवून त्यांचा आवाज असा झालाय की साधं "मीठ द्या" म्हणाल्या तरी माणूस अंगातला सदरा काढून उडी मारेल. लग्नाची बोलणी करायला आल्या तेव्हा दारातच मला म्हणाल्या, "खांदे मागे घ्या, कुबड येईल." सगळ्यांसमोर. चार वर्षं झाली त्याला. मी काही मनात ठेवत नाही, पण विसरलेही नाही.

लेक म्हणाली, "तू तरी हल्ली कुठे जातेस? रविवारीसुद्धा दुकान उघडतेस."

"घड्याळं रविवारीही बंद पडतात."

"आई."

हो म्हणून बसले. का म्हटलं, देव जाणे. मला पोहता येत नाही, आणि मासा मला ताटात असला तरी काट्यांमुळे नको वाटतो.


२६ सप्टेंबर, गुरुवार

विहीणबाई सामान लावायला आल्या. येतानाच हुकूम, "या यादीतलं एकेक वाचा, मी पिशवीत टाकते. चष्मा विसरले घरी." यादी त्यांच्याच हातची, पण अक्षरं भिंतीवरच्या जाहिरातीएवढी मोठी. एवढ्या मोठ्या अक्षरालाही चष्मा लागतो म्हणजे कमाल आहे.

मग त्यांनी पत्र्याचा एक डबा उघडला. आत पिसांच्या खोट्या माश्या, कापसावर ओळीने टोचून ठेवलेल्या. करड्या, तपकिरी, एक पिवळी. प्रत्येकीच्या पोटात बारीक गळ. माशीने मासा पकडायचा म्हणे. मला हसू आलं, त्यांना नाही आलं.

"हिला दोरा बांधा बघू," म्हणाल्या आणि केसासारखा पारदर्शक दोरा माझ्या हातात दिला. गाठ कशी घालायची ते तोंडाने सांगितलं, पाच वेढे, मग टोक परत आत. मी उभ्या उभ्या बांधली. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं, ओढून पाहिली, पुन्हा बोट फिरवलं.

"पास," म्हणाल्या.

साठीला आलेल्या बाईला कोणी पास केलं की राग यायला हवा. आला नाही, उलट दिवसभर बरं वाटत होतं. हे लेकीला सांगणार नाही.


२ ऑक्टोबर, बुधवार

पोचलो. दोन रात्री रेल्वेत, मग बस, मग एका जीपवाल्याने रस्ता संपला तिथे सोडलं. तो विहीणबाईंना वर्षानुवर्षं ओळखतो. पण बोलणं म्हणजे त्याला दात काढून दिल्यासारखं वाटत असावं. एवढंच म्हणाला, "सोमवारी येतो." आणि गेला.

तिथून दोन तास चढ. विहीणबाईंचं म्हणणं, "तुम्ही पुढे व्हा. पडलात तर मी मागून धरीन." आणि खरोखरच वाटभर माझ्या पिशवीचा पट्टा धरून चालल्या. वर दर दहा पावलांना चौकशी, "आता काय आहे? दगड? मूळ? पायरी केवढी?" मी म्हटलं, आहे बाई काळजी. थोडी जाचक, पण काळजी.

नदी आधी कानांना भेटली. झाडी संपली आणि एकदम समोर. पाणी इतकं स्वच्छ की आहे की नाही असं वाटावं, आणि मग दगडावर आपटून पांढरं झालं की कळावं, आहे. पलीकडे उभा डोंगर, त्याच्या खांद्यावर बर्फाची एक चिंधी. मी तोंड उघडं ठेवून उभी होते. विहीणबाईंनी विचारलं, "कशी आहे?"

"कशी म्हणजे? बघताय ना."

"तुम्ही सांगा. मी बावीस वर्षं बघतेय, मला काय त्याचं."

मग मी सांगितलं. नीट जमलं नाही. पण त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

तंबू मात्र त्यांनी एकटीने उभा केला, एकदाही खाली न बघता. हात असा चालत होता जसा माझा घड्याळ उघडताना चालतो. कौतुक वाटलं, आणि त्यांना तसं बोलूनही दाखवलं. त्यावर म्हणाल्या, "खांदे मागे घ्या."


३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सातला पाण्यात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, तरी गारठा हाडात जातो. आज कळलं की गळ टाकणं म्हणजे फेकणं नव्हे. काठी मागे न्यायची, दोरा पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. ते थांबणं मला जमत नाही. मी सकाळभरात एक झुडूप, एक ओंडका आणि स्वतःची टोपी पकडली.

विहीणबाईंची शिकवण्याची रीत वेगळीच. स्वतः काही सांगत नाहीत, नुसते प्रश्न. "त्या दगडामागे पाणी वळतंय का? डावीकडे की उजवीकडे? फेस किती? सावली कुठवर आली?" एखादी शाळकरी पोर असल्यासारखी मी उत्तरं देते आणि मग त्या माशी टाकतात. "स्वतःला दिसत नाही का?" असं अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. मास्तर लोकांची खोड असते ती, उत्तर माहीत असूनही विचारायची.

एक गोष्ट मात्र खटकते. चहा ओतताना त्या पेल्याच्या काठावरून बोट आत घालतात. गरम लागलं की थांबतात. मी दोनदा म्हटलं, द्या इकडे, मी ओतते. ऐकत नाहीत. त्यांच्या बोटाचा चहा पिते आहे. माणसाला सवय कशाचीही होते.


४ ऑक्टोबर, शुक्रवार

मासा नाही. म्हणजे विहीणबाईंना एक मिळाला, करंगळीपेक्षा थोडा मोठा, आणि त्यांनी त्याची माफी मागून सोडून दिला. मला पुन्हा माझी टोपी.

खूप हसलो. कशावर ते आता आठवत नाही. शिजवलेले बटाटे होते, त्यात मीठ दोघींनीही घातलं होतं, एवढं आठवतं.

दुकानाची आठवण दिवसभर आली नाही, हे लिहिताना लक्षात आलं.


५ ऑक्टोबर, शनिवार. दुपार

बोटं अजून गारठलेली आहेत. अक्षराकडे बघायचं नाही.

सकाळी मी वरच्या डोहापाशी होते. माशी एका दगडामागे अडकली, पिवळी, डब्यातली ती एकुलती एक. म्हटलं, दोन पावलं पुढे जाऊन सोडवते. दुसऱ्या पावलाला दगडावरचं शेवाळ, आणि तिसरं पाऊल कुठे पडलंच नाही. खाली तळ नव्हता. पाणी गळ्यापर्यंत आलं, बूट भरले, एका हाताने मी दगडाचं टोक धरलेलं आणि प्रवाह पाय ओढतोय. ओरडले.

विहीणबाई काठावर तीस-चाळीस हातांवर होत्या. धावत आल्या आणि पाण्याजवळ थबकल्या. मान इकडे तिकडे.

"कुठे आहात?"

"इथे! अहो इथे, समोर! दिसत नाही का?"

"नाही दिसत!" त्या ओरडल्या. "बोला! बोलत राहा, काहीही बोला, थांबू नका!"

आणि बूट काढून उडी.

आता मरताना माणूस काय बोलतं? देवाचं नाव घ्यावं, लेकीचं घ्यावं. मी ओरडले, "चार वर्षांपूर्वी तुम्ही मला सगळ्यांसमोर कुबडी म्हणालात!"

"म्हणाले! पुढे!"

"आणि परवापासून माझ्या चहात बोट घालताय!"

"हो! पुढे बोला!"

"आणि घोरता तुम्ही! रेल्वेच्या इंजिनासारख्या!"

तोवर त्यांचा हात माझ्या काखेत आला होता. पुढचं फार झटपट झालं. मला उताणी केलं, हनुवटी वर धरली, कानात म्हणाल्या, "अंग सोडा. लाकडासारख्या होऊ नका, पानासारख्या व्हा." मी झाले का ते माहीत नाही. काठाची वाळू पाठीला लागली तेव्हा आभाळ दिसत होतं आणि शेजारी त्या धापा टाकत पडल्या होत्या.

शेकोटी मी पेटवली. त्यांना काडीपेटी सापडेना. त्यांच्याच पायाशी होती.

मग मी विचारलं. त्यांनी सांगितलं, सरळ, पाढे म्हटल्यासारखं. दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत मधलं गेलं. समोर माणूस असेल तर कान दिसतात, चेहरा नाही. कडेकडेचं दिसतं, तेही कमी होत जाणार. घरात कोणाला ठाऊक नाही.

"मुलाला का नाही सांगितलं?"

"तो मला कापसात गुंडाळून कपाटात ठेवेल. एकदा, एकदाच इथे यायचं होतं. मग गुंडाळा म्हटलं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही आला असतात?"

नसते आले, म्हणून मी शेकोटीत आणखी एक लाकूड सारलं.

"सूनबाईसमोर एकटी जाते, एकटी जाते म्हणत राहिले," त्या म्हणाल्या. "ठाऊक होतं ती तुम्हालाच गळ घालेल. मला तुमचे हात हवे होते. लेकीच्या लग्नात तुटलेल्या मंगळसूत्राचा मणी तुम्ही अंधारात ओवलात, तेव्हाच हेरून ठेवले होते."

मला भयंकर राग आला. त्यांचा आला असं आधी वाटलं. पण आता ऊन पाठीवर घेऊन लिहिताना कळतंय, माझाच आला. पस्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसते, घड्याळातला धुळीचा कण दिसतो मला. आणि समोरची बाई तीन दिवस चाचपडत होती, ते दिसलं नाही. सगळं डोळ्यांदेखत होतं. मी त्याला खोड म्हटलं, हुकूम म्हटलं.

उद्या खाली उतरावं हे शहाणपणाचं. जीप सोमवारी येणार, पण खाली जाऊन वाट बघता येईल. त्यांना काही झालं तर जावयाला काय तोंड दाखवू? आणि मला काही झालं तर? शहाणपण काय ते मला पक्कं माहीत आहे.

त्या आत्ता कपडे वाळत घालतायत. गुणगुणतायत. चिमटे अचूक लागतायत.

उतरायचं नाही. लिहिलं एकदाचं.


६ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस सावकाश लिहायचा आहे, एकही तुकडा सांडायला नको.

सकाळी मी म्हटलं, "आज प्रश्न विचारायचे नाहीत. मी सांगते." पण सांगायचं कसं? डावीकडे, थोडं पुढे, तिकडे त्या दगडाच्या अलीकडे, यात माशी भलतीकडेच पडायची. तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हटलं, "अहो, दहाच्या काट्यावर टाका!"

त्या थांबल्या. "म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या नाकासमोर बारा वाजलेत. दहा वाजता डोह आहे. वीस हात."

काठी मागे गेली, थांबली, पुढे आली. माशी डोहाच्या काठावर अशी उतरली जशी खरी माशी दमून बसते. मला ओरडावंसं वाटलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पुढचं."

"अकरा. पंधरा हात. मोठा दगड, त्याच्या मागे पाणी हिरवं आहे."

अशी सकाळ गेली. दोन छोटे मासे लागले, सोडले. साडेदहाच्या सुमारास उन्हाने डोहाचा तळ उघडला आणि मला तो दिसला. आधी वाटलं, ओंडका. मग ओंडक्याने शेपूट हलवली.

मी कुजबुजले. का कुजबुजले कोण जाणे, माशाला मराठी थोडीच कळते. "नऊ वाजता. अठरा हात. हातभर लांब आहे. तोंड वर करून बसलाय."

"पिवळी बांधा."

दगडाला अडकलेली पिवळी काल मला ओढून काढताना दोऱ्यासकट आली होती. बांधली. गाठ कधी इतकी चांगली बसली नव्हती.

पहिल्यांदा लांब पडली. दुसऱ्यांदा अलीकडे. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले, म्हणजे आमच्या दोघींत तेव्हा बघणारं कोणीच नव्हतं. पाण्याचा एक आवाज आला, मोठं पुस्तक मिटल्यासारखा. डोळे उघडले तर काठी अर्धी वाकलेली.

मग जे झालं ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं हे नशीब.

"खाली पळतोय, खाली! तीनकडे!"

"जाऊ दे त्याला, जाऊ दे."

"दगडाकडे जातोय! ओढा!"

"ओढायचं नसतं!"

"अगं दगडात शिरेल तो! काठी उचल, उचल काठी, उजवीकडे, तुझ्या उजवीकडे, बाई!"

"उचललीय गं, ओरडू नकोस, मी आंधळी आहे, बहिरी नाही!"

वीस मिनिटं. दमला तसा तो जवळ आला. मी जाळी घेऊन पाण्यात उतरले. होय, मीच, कालच्याच पाण्यात, गुडघ्यापर्यंत. त्यांनी दुसऱ्या हाताने माझा कमरेचा पट्टा धरला होता. जाळीत घेतला तेव्हा हाताला कळलं, जिवंत वजन वेगळंच असतं.

त्या गुडघ्यावर बसल्या, हात ओले केले आणि त्याला पाण्यातच धरलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगठा फिरवला.

"सांग," म्हणाल्या.

या वेळी मला जमलं. पाठ ओल्या पाटीच्या रंगाची, बाजूला येता येता तांब्याची होते. ठिपके काळे, पण पोटाकडचे लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळं कडं, इतकं बारीक की रंगवायला माझा तबकडीवरचे आकडे रंगवायचा सगळ्यात बारीक कुंचला लागेल. कल्ला उघडतो तेव्हा आत गुलाबी. डोळा सोनेरी, मधली बाहुली टोकाकडे जरा निमुळती. "आणि रागावलेला दिसतोय," मी म्हटलं.

त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. नदीचं असेल.

सोडला. दोन क्षण हातातच राहिला, मग गेला.

मग लक्षात आलं. मी विहीणबाईंना 'अगं' म्हटलं. आणि 'बाई'. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण दोघीही एकदम बुटातलं पाणी ओतायला बसलो.


७ ऑक्टोबर, सोमवार

उतरलो. वाटेत मी पुढे, ती मागे, पट्टा धरून. लिहिताना 'त्या' असं ठरवते आणि 'ती' होऊन जातं. होऊ दे.

जीपवाल्याने विचारलं, "मिळाला?" तिने दोन्ही हात पसरून माप दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिचे हात धरून आणखी थोडे लांब केले. तो हसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा, असं ती म्हणते, पण तिला दिसलं कसं?

गाडीत ती म्हणाली, "मुलांना शनिवारी सांगते." मी म्हटलं, "मी बसेन शेजारी."


१२ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. जेवणं झाल्यावर, टेबलावर हात पालथे ठेवून. लेक रडली. जावई रडला नाही, ते जास्त वाईट. उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. मग आत येऊन एकापाठोपाठ एक. जिना एकटीने उतरायचा नाही, गॅसपाशी जायचं नाही, नदीचं तर नाव काढायचं नाही. मग माझ्याकडे वळला, "आणि तुम्ही! तुम्हाला कळल्यावर तुम्ही लगेच खाली नाही आणलंत? कळलं कसं तुम्हाला?"

"मी बुडत होते," मी म्हटलं. "यांनी काढलं."

 त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही. त्यावरून जे झालं ते लिहीत नाही.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "गुंडाळायला लागला बघ कापूस," म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती, जमलं नाही.

मी चूक केली का? परत तिथे असते तर पुन्हा तेच केलं असतं. पण त्याची ती गॅलरीतली पाठ डोळ्यांसमोरून जात नाही. आई आहे त्याची.


२७ ऑक्टोबर, रविवार

आज दुकान उघडलं नाही.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे सगळे मिळून गेलो. डॉक्टरीणबाईंनी जावयाला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं. काय ते त्याने बोलून दाखवलं नाही. फक्त घरी गेल्यावर जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा रंगवला, स्वतः, वर ते खाली. लेक म्हणाली, दोन दिवस फक्त रंगवत होता.

आज सकाळी त्यांच्या गच्चीवर मी आणि विहीणबाई सराव करत होतो. माझाच खरं तर, थांबणं अजून जमत नाही. गळाऐवजी दोऱ्याच्या टोकाला खोडरबराचा तुकडा. पलीकडच्या कठड्याशी बादली ठेवलेली. मी सहा टाकले, सहाही शेजारच्या गच्चीत. मग काठी तिने घेतली.

जावई दारात येऊन उभा राहिला. किती वेळ होता कोण जाणे.  तो गच्चीवरून चालत गेला, बादली उचलली, दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि बोटांनी तिच्यावर टकटक वाजवली.

"इथे टाक, आई."

ती आवाजाकडे वळली. चेहरा असा झाला की मी नजर खाली घेतली. काठी मागे गेली. थांबली, जरा जास्तच थांबली. पुढे आली. खोडरबर बादलीवरून गेलं आणि सरळ त्याच्या छातीवर आपटलं. त्याने ते झेललं, मुठीत धरलं.

"काही लागलं का गं?" तिने मला विचारलं. दोरा ताणला होता ना.

"लागलं."

"काय?"

"तुझा मुलगा."

 ती काठीवरची दोरा गुंडाळायची चकरी फिरवू लागली, सावकाश, मोठा मासा असला की आणतात तशी, मध्येच सैल सोडत, पुन्हा ओढत. आणि तोही मूठ न उघडता, बादली ओलांडून, एकेक पाऊल तिच्याकडे येत गेला.